मुलं किती वेळ बसतात

नोकरीची शेवटची तीन वर्षं मी श्रीवर्धन, म्हसळा आणि तळा तालुक्यांतली मुलं किती वेळ बसतात हे मोजत होते. हल्ली काय करता, असं कुणी विचारलं आणि मी हे सांगितलं, की समोरचा माणूस म्हणायचा, "आणि याचा पगार देतात?" देत होते, तोही वेळेवर. माझ्या भावाला मात्र हे शेवटपर्यंत पटलं नाही. त्याचं म्हणणं, मुलं बसतात हे बघायला तीन वर्षं कशाला हवीत, तो ओटीवरून पाच मिनिटांत सांगेल.

त्याआधीची अठ्ठावीस वर्षं मी माणसांची बाकीची मापं घेतली होती. तान्ह्या बाळांची वजनं, गरोदर बायकांचं रक्त, शाळेतल्या मुलांची उंची, कोण घरात कुठलं मीठ खातं ते. एक अख्खा उन्हाळा मी नुसते किडलेले दात मोजले. प्रकल्प बदलायचे, फॉर्मचा रंग बदलायचा, माझी पिशवी तीच असायची. या सगळ्यात माझं एक मत तयार झालं होतं. लोक सर्वेक्षणाच्या बाईशी खोटं बोलत नाहीत, ते तिला बरं वाटेल असं बोलतात. "मुलगा टीव्ही किती वेळ बघतो?" असं विचारलं की आई आधी माझ्या तोंडाकडे बघते, मग सांगते, "अर्धा तास." तिच्या मागे टीव्ही चालू असतो आणि मुलगा मान न वळवता म्हणतो, "आई, सरक."

म्हणून पट्टा आला तेव्हा मला फार आनंद झाला. पट्ट्याला कुणाच्या तोंडाकडे बघता येत नाही.

पट्टा म्हणजे रबरी पट्टीत बसवलेली एक काळी डबी. मनगटावर घड्याळासारखी बांधायची, पण तिला तबकडी नाही, आकडे नाहीत, दिवा नाही. मनगट कुठल्या दिशेला आणि किती जोरात हललं हे ती सेकंदाला कितीतरी वेळा टिपून ठेवते. सात दिवसांनी ती टॅबलेटला जोडली की मिनिटामिनिटाची बेरीज होऊन आलेख उमटतो. आलेखात एक आडवी रेषा असते. त्या रेषेच्या वर गेलं तर मूल हललं, खाली राहिलं तर मूल बसलं. गावातली मुलंही आता मोबाइल घेऊन शहरातल्या मुलांइतकीच बसायला लागली आहेत का, हे मुंबईच्या एका संस्थेला बघायचं होतं. दर वर्षी शिमग्याच्या आधी एक फेरी, अशा तीन वर्षं तीन फेऱ्या, आणि मुलं तीच.

संस्थेतर्फे हे काम बघणाऱ्या मुक्ता मॅडम माझ्या भाचीच्या वयाच्या होत्या. त्या मला ताई म्हणायच्या आणि मी त्यांना मॅडम म्हणायचे, त्यामुळे दोघींची सोय झाली होती. त्यांनी आम्हाला नियम शिकवले. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या डाव्या हाताला पट्टा बांधायचा. आंघोळीला काढायचा, झोपताना नाही. आईने दर अर्ध्या तासाला मूल काय करतं आहे ते डायरीत लिहायचं. टीव्ही, मोबाइल, अभ्यास, खेळ, घरकाम, जेवण, झोप यांचे रकाने छापलेले होते, आणि शेवटी "इतर". "माहीत नाही" हे उत्तर चालणार नाही, तिथे आईला विचारून रकाना भरायचा. डायरी एक सांगते आणि पट्टा दुसरं, असं झालं तर घरी बसून खुलासा घ्यायचा आणि लाल पेनाने दुरुस्ती करायची. दुरुस्ती करताना जुना शब्द एकाच रेघेने खोडायचा, तो खालून वाचता आला पाहिजे. शेजारी आपली सही. आणि शेवटचा नियम, आलेखात काय आलं ते घरच्यांना सांगायचं नाही.

मुलांना पट्टा पहिल्या दिवशी आवडायचा आणि दुसऱ्या दिवशी नाही. तळ्याच्या एका शाळेत एकाने मला विचारलं, "बाई, वाजले किती ते कुठं दिसतं?" मी म्हटलं, हा वेळ दाखवत नाही. तो म्हणाला, "मंग बंद हाय हा." त्या वर्गाने सात दिवस बंद घड्याळं घालून माझ्यावर उपकार केले. मला सगळीकडे घड्याळवाली बाई म्हणू लागले आणि दोन घरांतून भिंतीवरची घड्याळं दुरुस्तीला आली. त्यातलं एक मी सेल बदलून चालू करून दिलं.

म्हसळ्याला जुबेदाबी म्हणून एक बाई होत्या. त्यांचा मुलगा नमाजाआधी हातपाय धुताना, वुझूच्या वेळी, पट्टा काढायचा आणि नमाज झाली की पुन्हा घालायचा. बाकीच्या आयांना पट्टा कधी काढला होता असं विचारलं की उत्तर यायचं, "काढला असंल कवातरी." जुबेदाबींच्या डायरीत काढल्याची आणि घातल्याची वेळ मिनिटासकट लिहिलेली असायची. एकदा तर "असरच्या वक्ताला डाव्याऐवजी उजव्या हातात घातला, वलखून परत बदलला" अशी नोंद होती. मी म्हटलं, इतकं बारीक लिहिता तुम्ही. त्या म्हणाल्या, "तुमी विचारलात म्हनून लिवलं. नको असंल तर विचारायचं नाय." तीनही तालुक्यांत त्यांच्यासारखी डायरी कुणाची नव्हती. मी ती मॅडमना नमुना म्हणून पाठवली.

म्हसळ्याचाच एक टेंपोवाल्याचा मुलगा होता. त्याच्या डायरीत रविवारी सकाळी "टेंपोत बसला" असं दोन तास लिहिलेलं, आणि आलेखात त्याच दोन तासांत तो मुलगा नुसता उड्या मारत होता. मॅडमनी मुंबईहून फोन केला. बसलेलं मूल इतकं कसं हलेल, आई चुकीचं लिहिते आहे का. मी म्हटलं, मॅडम, एकदा या आणि घाटातून त्या टेंपोत बसा. त्या खरंच आल्या आणि पुढच्या सीटवर बसून घाट उतरल्या. खाली आल्यावर त्यांनी पाणी मागितलं आणि नंतर त्या आलेखाबद्दल एक शब्द काढला नाही.

हात हलला म्हणजे मूल हललं असं नाही, हे मला त्या दिवशीच कळायला हवं होतं. मी त्याची गंमत करून चारचौघांत सांगत राहिले.

आता सानिकाचं सांगते. ती पहिल्या फेरीत दहा वर्षांची होती. श्रीवर्धनजवळच्या एका वाडीत शाळेच्या मागेच तिचं घर. वडील मुंबईला एका गोदामात कामाला, महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. आई सुगंधा आठवी शिकलेली, बागायतदारांची सुपारी घरी आणून सोलून द्यायची. सानिकाबद्दल सगळीकडून चांगलंच ऐकू यायचं. गुरुजी म्हणायचे, वर्गातली सर्वांत शांत मुलगी. खेळाच्या तासाला ती पायरीवर बसून सगळ्यांच्या चपला राखायची आणि कोण जिंकलं ते पाटीवर लिहायची. गुरुजींनी हेही कौतुकाने सांगितलं, आणि मीही कौतुकानेच ऐकलं. मुलं बसतात याची काळजी करणाऱ्या प्रकल्पात मी नोकरी करत होते, आणि एक मूल गुणाने बसतं म्हणून मला ते आवडलं होतं.

सात दिवसांनी मी पट्टा घ्यायला सकाळी तिच्या घरी गेले. सानिका पट्टा काढून ठेवून सकाळच्या शाळेला गेली होती. सुगंधाने चहा टाकला. भिंतीशी लावलेल्या पोत्याला टेकून मी डायरी उघडली. दुपारी तीन ते संध्याकाळी सात, सातही दिवस, "इतर"च्या रकान्यात एकच शब्द होता, "बसली." "बसली. बसली. बसली." अक्षर वळणदार. पट्टा टॅबलेटला जोडला तर त्याच तीन ते सातमध्ये आलेख रेषेच्या कितीतरी वर. त्या फेरीतल्या कुठल्याही मुलाचा तेवढा वर नव्हता.

मी म्हटलं, "सुगंधा, तू बसली लिहिलंस. पट्टा म्हणतो हलत होती."

"बसलीच होती बाई."

"खेळत असेल. तुझं लक्ष नसेल."

"न्हाय ओ. ती कुठं खेळते. बसूनच असते. मला तुमाला तेच विचारायचं होतं, पोरीच्या जातीनं येवढं बसून..."

मी तिला बोलू दिलं नाही. अठ्ठावीस वर्षं आया मला मुलांबद्दल तक्रारी सांगत आल्या होत्या. जेवत नाही, अभ्यास करत नाही, ऐकत नाही. ही त्यातलीच एक वाटली. तिची काळजी घालवावी असं मला मनापासून वाटलं, आणि माझ्याकडे यंत्र आहे याचा मला थोडा तोराही होता. मी टॅबलेट तिच्याकडे फिरवला. "हे बघ. ही रेषा, आणि ही तुझी मुलगी. सगळ्या मुलांत हीच जास्त हलते. तू उगाच घोर लावून घेतेस." सुगंधाने वाकून आलेख बघितला. पदराला हात पुसून रेषेवरून बोट फिरवलं. म्हणाली, "मशिन म्हंतं?" मी म्हटलं, मशिन म्हणतं.

मग मी लाल पेन काढलं. सात दिवसांचे "बसली" एकेका रेघेने खोडले, शेजारी "खेळ" लिहिलं आणि सही केली. चहा प्यायले. मी ज्या पोत्याला टेकून बसले होते ते सुपारीचं होतं.

बाहेरच्यांसाठी इथे सुपारीबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे सुपारी उतरवली की ती उन्हात कडक वाळवतात आणि मग सोलतात. लाकडी पाटाला बसवलेल्या पात्यासमोर मांडी घालून बसायचं, डाव्या हाताने ढिगातली सुपारी उचलायची, पात्यावर दाबून फिरवायची, उजव्या हाताने साल ओढून काढायचं आणि आतला दाणा डाव्या हातानेच टोपलीत टाकायचा. सवय झालेली बाई हे बोलता बोलता करते. डावा हात क्षणभर थांबत नाही, आणि बाकीची बाई तासन्‌तास जागची हलत नाही.

हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आमची स्वतःची बाग आहे. माझ्या लहानपणापासून हंगामात आमच्या खळ्यात बायका सुपारी सोलायला बसायच्या. आई सकाळी विचारायची, "आज किती जणी बसल्यात?" म्हणजे किती जणी कामाला आल्यात. आमच्याकडे त्या कामाला कुणी काम म्हणतच नाही. सुगंधानेही ते "घरकाम" या रकान्यात लिहिलं नाही, कारण तिच्या मते ते घरकाम नव्हतं. मुलगी आईशेजारी बसली होती, तिने "बसली" लिहिलं. इथली बाई याहून खरं दुसरं काही लिहू शकली नसती, आणि इथल्याच दुसऱ्या बाईने ते खोडलं.

दुसऱ्या वर्षी मुक्ता मॅडमनी एक नवीन गोष्ट आणली. काही मुलांना मनगटावर पट्टा आणि शिवाय कमरेला तशीच एक डबी. मनगट खरं बोलतं का हे कमरेकडून तपासायचं. चिठ्ठ्या टाकून मुलं निवडली, त्यात सानिकाचा नंबर निघाला. आठवड्याने दोन आलेख एकाखाली एक आले. वरचा गेल्या वर्षीसारखाच उड्या मारत होता. खालचा, कमरेचा, तीन ते सात जमिनीला टेकलेला होता.

मॅडम म्हणाल्या, कमरेची डबी काढून ठेवली असेल. मी म्हटलं, सुगंधा काढू देणार नाही. मग त्या म्हणाल्या, "ताई, प्रत्यक्ष निरीक्षण करा." यात एक माणूस मुलापासून थोड्या अंतरावर बसतो आणि दर मिनिटाला मूल काय करतं ते कागदावर टिपतो. बसलं तर ब, उभं राहिलं तर उ, चाललं तर चा. निरीक्षकाने बोलायचं नाही, मदत करायची नाही, मुलाला काही सुचवायचं नाही.

मी दुपारी तीनला त्यांच्या पडवीत जाऊन कोपऱ्यात बसले. माय-लेकी समोरासमोर, मध्ये ढीग. सानिकाचा डावा हात ढिगाकडे गेला, पात्यावर आला, टोपलीकडे गेला, आणि पुन्हा ढिगाकडे. पहिल्या मिनिटाला मी ब लिहिलं आणि मला सगळं कळलं. घाटातला टेंपोही आठवला. मनात म्हटलं, चला, मॅडमना कारण सापडलं. मला तेव्हा ते एवढंच वाटलं, एक तांत्रिक कारण. रीतीप्रमाणे मी लिहीत राहिले. ब, ब, ब.

तासाभराने सानिका म्हणाली, "बाई, तुमाला पट्टा न्हाय बांधला?"

मी नियमाप्रमाणे गप्प.

"तुमी पन बसल्याच हाव की मघाधरनं."

सुगंधा तिला दटावून म्हणाली, "बाईंना पानी दे जा."

सानिका उठली. स्वयंपाकघर आत, मध्ये दोन दगडी पायऱ्या. मी चा लिहिलं. ती तांब्या घेऊन परत आली ती दाराशीच थांबली. एक हात चौकटीला लावला. मग तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि उभ्या उभ्या तोंडाने श्वास घ्यायला लागली. तिच्या गळ्याशी शीर उडत होती ती मला कोपऱ्यातून दिसली. मी कागद खाली ठेवला आणि विचारलं, "काय गं?"

"काय न्हाय. पायऱ्या हायत ना."

दोन पायऱ्या होत्या. मी उठून तिला जवळ घेतलं, सवयीने डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. मी हजारभर बायकांच्या पापण्या बघितल्या असतील. पापणी लाल होती, म्हणजे रक्त कमी नव्हतं. छातीवर हात ठेवला तर आत काहीतरी घाईघाईने चाललं होतं, आणि ती तर आता नुसती उभी होती. त्या कागदावर चार वाजून बारा मिनिटांनंतर काही लिहिलेलं नाही. माझ्या नोकरीतला तेवढा एकच अर्धवट कागद.

मी म्हटलं, "सुगंधा, हे कधीपासून?"

तिचा हात थांबला नव्हता. मान वर न करता ती म्हणाली, "मागल्या साली तुमाला सांगतच होते. उटायला नको म्हनून ती माझ्या शेजारी बसते नि सोलते. मी न्हाय सांगत तिला. तिचा बाप म्हनाला, डॉक्टरला दाखवू. मी त्याला म्हटलं, बाई मशिन घेऊन आल्या होत्या, सगल्या पोरांत हीच जास्त हलते म्हनाल्या. मंग त्यो पन गप बसला."

यात राग अजिबात नव्हता. तिने मला विचारलं होतं, मी सांगितलं होतं, तिने ऐकलं होतं. वर्षभरात मी दोनदा त्या रस्त्याने गेले होते आणि दोन्ही वेळा तिने मुलीबद्दल काही काढलं नव्हतं. मला ती निर्धास्त झाली असं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोघींना श्रीवर्धनला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नळी छातीला लावली आणि बराच वेळ काढली नाही. मग विचारलं, "दमते हे लक्षात कधी आलं?" सुगंधा म्हणाली, वरीस झालं. मी म्हटलं, "डॉक्टर, ते वर्ष माझं आहे." त्यांना ते कळलं नाही, त्यांनी कागदावर नुसतं एक वर्ष लिहिलं आणि मुंबईची चिठ्ठी दिली.

मुंबईत निदान झालं. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासून छिद्र होतं. अशी छिद्रं मांडीच्या शिरेतून नळी घालून, आत छोटं झाकण बसवून बुजवता येतात, पण वेळेत. फार उशीर झाला तर फुप्फुसांवर ताण येऊन बसतो आणि मग बुजवून उपयोग नसतो. सानिकाचं काय, हे आणखी एका तपासणीनंतर कळणार होतं. तपासणीची तारीख सतरा दिवसांनी मिळाली.

ते सतरा दिवस मी कामावर जात होते. मुलांना पट्टे बांधत होते, काढत होते. एका दुपारी कपाट उघडून मी सानिकाची पहिल्या फेरीची डायरी काढली. नियमाप्रमाणे एकच रेघ मारलेली, त्यामुळे खालचे शब्द स्वच्छ वाचता येत होते. "बसली. बसली. बसली." प्रत्येकाच्या शेजारी माझी सही. आईने लिहिलेलं दुरुस्त करू नये असं मला अठ्ठावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही सुचलं नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

मी मुक्ता मॅडमना पत्र लिहिलं. आलेख घरच्यांना दाखवला, त्यामुळे मुलीला डॉक्टरकडे नेलं गेलं नाही, नियम माझ्याकडून मोडला गेला, पुढची कारवाई करावी. मॅडमनी पत्र वाचून फोन केला. म्हणाल्या, "डायरी दुरुस्त करायचा नियम मी लिहिला होता, ताई." कारवाई कोणावर करायची हे त्यांना ठरवता आलं नाही, म्हणून माझं पत्र आणि त्यांचं पत्र दोन्ही समितीकडे गेली. समितीने आम्हा दोघींना एकेक समजपत्र दिलं. माझं मी जपून ठेवलं आहे.

तपासणीच्या दिवशी सुगंधाचा फोन आला. मागे इस्पितळातला गलका. "बाई, करतो म्हनालेत. उशीर झालाय पन टळली न्हाय वेळ, असं म्हनाले." मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर मी कचेरीच्या मागे जाऊन रडले, आणि मग तोंड धुऊन तळ्याचे पट्टे चार्जिंगला लावले.

झाकण बसलं. मुलगी पाच दिवसांनी घरी आली. त्यानंतर आम्ही सुपारी सोलणारी बाकीची मुलं शोधून काढली. ती थोडी नव्हती, आणि आमच्या यादीतली सगळ्यांत हलणारी मुलं बहुतेक तीच होती. तिसऱ्या फेरीच्या डायरीत एक नवा रकाना आला, "बसून हाताचं काम." तीन वर्षांच्या त्या शास्त्रीय कामात माझी भर म्हणाल तर तो रकाना. तो छापून आला तेव्हा मी भावाला दाखवला. तो म्हणाला, हे तर मीही सांगितलं असतं. यावेळी मी त्याच्याशी वाद घातला नाही.

तिसऱ्या फेरीत सानिकाचा पट्टा घ्यायला मी मुद्दाम संध्याकाळी गेले. तारीख सांगितलेली होती, तरी मुलगी घरात नव्हती. सुगंधा पडवीत एकटी सोलत बसली होती. समोरचा दुसरा पाट भिंतीला उभा करून ठेवलेला. तिने हातानेच डायरीकडे बोट केलं.

मी डायरी उघडली. सकाळ, शाळा, जेवण सगळं नीट. तीन ते सात, पहिल्या दिवशी, "म्हाईत न्हाय." दुसऱ्या दिवशी, "म्हाईत न्हाय." तिसऱ्या दिवशी, "म्हाईत न्हाय. बाहेर हाय." पुढे चारही दिवस तेच, आणि रविवारी सकाळपासून.

मी म्हटलं, "सुगंधा, हे नियमात बसत नाही. काय करते ते लिहायचं असतं."

"कसं लिवू? घरात गावंल तर लिवीन ना." ती उठून पडवीच्या कडेला गेली आणि बागेकडे तोंड करून दोनदा हाक मारली. "सानिके." पोफळींत लांबवर पोरांचा आवाज होता, त्यातल्या कुणी ओ दिली नाही. सुगंधा परत येऊन बसली. "बगा. आता तुमीच सांगा काय ते."

मी सवयीने लाल पेन काढलं होतं. त्याला टोपण लावून ते पिशवीत ठेवलं आणि भिंतीचा पाट खाली घेतला. दिवे लागले तरी मुलगी आली नव्हती. तोवर आम्ही दोघींनी अर्धी टोपली सुपारी सोलली.

चार दिवसांनी मॅडमचा फोन आला. सानिकाच्या डायरीत सात दिवस "माहीत नाही" आहे, ताई, हा रकाना भरायचा राहिला आहे. मी म्हटलं, नाही मॅडम, भरलेला आहे.